पत्रा

माधवनगर रोडला, पंपाच्या अलीकडं
निळ्या पत्र्याची शेड आहे, ती माझी.
दस्तगीर शिकलगार, डेंटिंग.
पेंटिंग मुलगा करतो.
चाळीस वर्षं मी गाड्यांच्या अंगातले पोचे
आतून हात घालून बाहेर ढकलतोय.

लोक चहा पीत उभे राहतात,
नव्या गाडीच्या दारावर टिचकी मारतात
आणि म्हणतात, चाचा, आता पत्राच राहिला नाही,
डबा आहे डबा, बिस्किटाचा.
मी हो म्हणतो. गिऱ्हाईक आहे.

पण कवठेकर वकिलांची फियाट
अठरा गेजची होती.
साईच्या रंगाची, गिअर स्टिअरिंगला.
थंडीत चोक ओढून कान देऊन बसायचे,
मिरजेत तंबोरा लावतात तसे.
एकदा तासगावहून येताना क्लच गेला.
इंजिनचा सूर धरून, क्लचशिवाय गिअर टाकत
सांगली गाठली
आणि माझ्या दारात उतरून म्हणाले,
दस्तगीर, एक दात नाही वाजला.
असा हात मी परत बघितला नाही.

त्याच हातानं कवलापूरच्या वळणावर
अंगावर आलेला ट्रक चुकवला,
बरोबर चुकवला,
आणि पुढं बाभळ होती.
गाडी माझ्याकडं आली तेव्हा
बॉनेटला परातीएवढा पोचा,
डावा हेडलाइट फुटलेला. बस्स.
दोन तासांचं काम.
पत्र्यानं मार घेतलाच नव्हता.
तसाच मागं दिला होता
स्टिअरिंगच्या दांड्याला,
आणि दांड्यानं वकिलांना.

पोचा काढला. काच बसवली.
घरचं कुणी न्यायला आलं नाही.

गेल्या हंगामात बुधगावचा समरजित.
रात्री दीड, एक डोळा मोबाइलवर,
पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, लाल दिवा नाही.
गाडीनं म्हणे आधी टुंगटुंग केलं,
मग स्वतःच ब्रेक दाबला,
मग राहिलेल्या वेगानं धडकली.
क्रेनवरून उतरवली तेव्हा पुढचा भाग
निखाऱ्यावरच्या पापडासारखा आखडलेला,
आत पांढऱ्या पिशव्या लोंबत होत्या.
माझ्या हातोड्याला त्यात काम नव्हतं.
कंपनीतून खोकी येणार, आपण बोल्ट पिळायचे.

दुसऱ्या दिवशी तो आला. चालत.
चार्जर राहिला म्हणाला.

तो चार्जर शोधत होता तेव्हा
मी वाकून बघत होतो,
मोडणं नेमकं कुठं थांबलंय.
त्याच्या गुडघ्याच्या वीतभर अलीकडं.
बोट फिरवलं त्या कडेवरून.
कुणीतरी हे आधी मोजून ठेवलं होतं,
कुठं मोडायचं, कुठं नाही.
मला चाळीस वर्षांत
फक्त सरळ करणं सुचलं.

कोपऱ्यात वकिलांची गाडी आहे अजून.
रविवारी चालू करतो, बॅटरीसाठी.
ही चालते? पोरानं विचारलं. बसू?
बस म्हटलं.
बसला, आणि त्याचा हात
आपसूक उजव्या खांद्यामागं गेला,
पट्टा शोधत.
चाचपला, चाचपला,
रिकामा परत आला
आणि स्टिअरिंगवर टेकला.
ते अजून वाकडंच आहे.
बाकी सगळं केलं, त्याला मी हात लावलेला नाही.
पोर काही बोललं नाही. उतरलं.

महिन्यानं त्याची गाडी तयार झाली.
मागच्या कॅमेऱ्यावर मुलानं रंगासाठी लावलेली
चिकटपट्टी तशीच राहिली होती,
त्यामुळं पडदा काळा.
एवढ्या मोठ्या शेडमधून
त्याला गाडी मागं घेता येईना.
दोनदा खांबावरच चालला होता.
शेवटी मी मागं जाऊन उभा राहिलो,
डिकीवर थाप मारली.
येऊ दे, म्हटलं,
येऊ दे, येऊ दे,
अरे मागं वळून बघ की जरा, मान आहे ना शाबूत,
येऊ दे.